चौथ्या पानावरची सौभाग्यवती

१

भोरच्या ‘नीरातीर’ साप्ताहिकाचं पहिलं पान केशव मोघे छाती काढून लिहायचा आणि चौथं पान मान खाली घालून. पहिल्या पानावर अन्यायाला वाचा फुटायची, चौथ्यावर जाहिराती असायच्या. संपादक, बातमीदार, मुद्रितं तपासणारा, सगळं तो एकटाच. गुरुवारी दुपारी पहिलं पान यंत्रावर चढलं की तो हात धुवायचा, चहा घ्यायचा आणि चौथ्या पानाला बसायचा.

साल एकोणीसशे चौतीस. असल्या जुन्या जाहिरातींची कात्रणं आज लोक गंमत म्हणून जपून ठेवतात. गंमत कसली? ‘मुलगी सावळी आहे? स्थळ पाहण्याआधी एक डबी मागवा.’ ‘पुत्रच होईल, लेखी खात्री.’ ‘पत्नी हसतमुख नसते काय? दोष तिच्या रक्तात आहे.’ आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ‘अस्सल स्वदेशी’. पहिल्या पानावर गावाला माणुसकी शिकवायची आणि पान उलटलं की सांगायचं, बाईची किंमत तिच्या कातडीवर. कुणी तक्रार केली नाही. भोरात तक्रार करणारा माणूस एकच होता, आणि त्या जाहिराती तोच लिहीत होता. केशव बी.ए. होता. त्याचं मराठी चांगलं होतं. चांगल्या मराठीत खोटं अधिक खपतं हे त्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

त्या वर्षी पानाचा मधला चौकोन ‘गौरप्रभा लेपा’चा होता. दोन चित्रं शेजारीशेजारी. एकाखाली ‘वापरण्यापूर्वी’, दुसऱ्याखाली ‘वापरल्यानंतर’. बाई तीच. आधी काळीभोर, मग गोरी. खाली साक्ष: ‘माझे यजमान माझ्याकडे पाहतही नसत. तीन डब्या संपल्या आणि आता त्यांची नजर माझ्यावरून हलत नाही. – एक सौभाग्यवती, वेल्हे.’

साक्ष केशवने लिहिली होती, एका बैठकीत. चहा निवायच्या आत.

२

साक्ष खोटी होती, पण बाई खरी होती.

तिचं नाव धोंडाबाई. आदल्या हिवाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला रस्त्याचं काम चाललं होतं. ठेकेदाराच्या माणसाने इशारा न देता सुरुंग उडवला आणि तिच्या नवऱ्याचा, गेनूचा, उजवा हात कोपरापासून गेला. केशव पुण्याचा फोटोवाला घेऊन तिथे पोचला तेव्हा गेनू तापात बरळत होता. त्याचा फोटो घेण्यासारखा नव्हता.

“माझा घ्या,” धोंडाबाई म्हणाली होती. “त्येंचं त्वांड आन माझं त्वांड काय येगळं न्हाई. पर छापा, साहेब. कुणाच्या चुकीनं झालं त्ये समद्यास्नी कळू द्या.”

ती ओट्यावर ताठ बसली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खाली गोंदणाची तुळस. फोटोवाल्याने “जरा हसा” म्हटलं तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याआड गेला.

मजकूर लिहून झाला, छपाईचे खिळेही जुळले. मग ठेकेदार कचेरीत आला. त्याने धमकी दिली नाही. चहा घेतला, कॉलेजातल्या ओळखी निघाल्या, जाताना पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी केशवने जुळवलेला मजकूर सुटा करायला सांगितला. खिळे आपापल्या खणात परत गेले. गेनूला त्याने निरोप पाठवला, पुढच्या अंकी छापतो. असे तीन निरोप गेले.

पुढे ‘गौरप्रभा’चे मालक आनंदराव घाटे म्हणाले, “एक काळी बाई हवी हो, चांगली ठसठशीत,” तेव्हा केशवने टेबलाचा खण उघडला. धोंडाबाईच्या फोटोच्या पाठीवर त्याने, फोटोवरून छपाईचा धातूचा ठसा करणाऱ्या पुण्याच्या ब्लॉकवाल्यासाठी, सूचना लिहिली: ‘पहिल्या चित्रात वर्ण अधिक गडद करावा. दुसऱ्यात उजळून चेहऱ्यावर एकही डाग ठेवू नये.’

फोटोत तांबडं काळंच उमटतं. ब्लॉकवाला सांगितल्या कामाचा माणूस होता. त्याने हनुवटीचा तीळ काढला, गोंदणाची तुळस काढली आणि कपाळावरचा सर्वांत मोठा डागही काढला.

पहिला छाप निघाला तेव्हा जुळारी रखमाजी चष्मा पुसून म्हणाला, “केशवराव, बाई उघड्या कपाळाची झाली की वो.”

केशवने पाहिलं. त्याला दिसलं. खाली ‘सौभाग्यवती’ हा शब्दही दिसला.

“नवा ब्लॉक यायला आठ दिवस जातील,” तो म्हणाला. “चौथं पान आहे, रखमाजी. कोण बघतंय?”

३

सातव्या आठवड्यात रखमाजीने ओला कागद त्याच्यापुढे धरला.

“आता ह्ये बगा. पयल्या चित्रातलं बी गेलं.”

‘वापरण्यापूर्वी’च्या काळ्या चेहऱ्यावर कुंकवाच्या जागी पांढरा वाटोळा ठिपका होता. बाकी सगळं नीट: नाकातली मुरणी, पदराची किनार, गोंदणाची पानंसुद्धा.

“ब्लॉक झिजला असेल.”

“झिजतो तर कडंनं झिजतो. मधीच गोल कसा झिजंल?”

केशवने ब्लॉक काढून घेतला, राकेलने धुतला, खिडकीच्या उजेडात नेला. कुंकू धातूवर होतं. त्याने नखाने चाचपलं. उंचवटा शाबूत होता, शेजारच्या केसांइतकाच. रखमाजीने ब्लॉकच्या मागे, कुंकवाच्या बरोबर पाठीशी, कागदाची चकती चिकटवली, म्हणजे तेवढा भाग वर उचलून दाब जास्त बसेल. शाई लावली. कुंकवावरही शाई चढली, ओली, चकचकीत. यंत्राने कागद दाबला आणि सोडला.

पांढरा ठिपका. चकतीच्या दाबाने कागद तिथे चक्क खोलगट झाला होता, पण कोरा.

“कागदात तेल असेल,” केशव म्हणाला.

रखमाजीने दुसऱ्या गठ्ठ्यातला कागद लावला, मग तिसऱ्या. मग काही न बोलता चकती सोलून काढली आणि हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.

अंक वेळेवर निघाला.

४

मंगळवारी सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. सदऱ्याची उजवी बाही दुमडून टाचलेली.

“राम राम, साहेब. वळखलं का?”

केशवने बाहीकडे पाहिलं आणि मग चेहऱ्याकडे. “गेनू ना तू? ये. बैस.”

“बसायला न्हाई आलो. हात बगून वळखता म्हंजे बरं हाय. निदान गेल्याला हात तरी कामाला आला.” गेनू उंबऱ्याच्या आत आला. “येल्ह्याच्या बाजारात वाण्यानं मिरच्या बांदून दिल्या तुमच्या कागदात. बायकूनं पुडी सोडली, तर आत तीच. पयलं हसली. म्हनली, अवं, म्या गोरी झाले की! मग तिनं कपाळ बगितलं.”

केशवने टेबलावरचा अंक पालथा घातला.

“तवापासनं तिचं कुंकू बसत न्हाई.”

“कुंकवाखालचं मेण खराब असेल.”

“तीन घरचं मेण आणलं.”

“उन्हाळा आहे. घामानं गळत असेल.”

“साहेब, त्ये गळत न्हाई. पुसत बी न्हाई.” गेनूने आवाज खाली आणला, जणू बायकोचं काही लाजिरवाणं सांगतोय. “आत जातंय.”

पलीकडे रखमाजीच्या हातातले खिळे टिकटिक वाजत होते. मग ते ठेवून तो विडी ओढायला दाराशी गेला.

“आन माझं म्हनाल तर,” गेनू म्हणाला, “आदी गंमतच वाटली. देवळात बसलो तर लोक माझ्या अंगावर बसाया बगत्यात. नसरापुरास मोटरवाल्यानं उतारू मोजले, मला सोडून मोजले. म्या म्हनलो, आरं, मी हाय! त्यानं दार लावलं. चालत आलो.” तो हसला. “घरात मातर ती बोलती माज्यासंगं. ती हाय तवर ठीक. पर तिच्या कपाळाकडं बगून बाया आता तिला ववाळनीला बलवीत न्हाईत. म्हनत्यात, हिचा गेला. आन हिला सांगावं लागतं, ह्यो काय बसलाय.”

“काय करू मी, गेनू?”

“छापा. ही गेनूची अस्तुरी हाय आन गेनू जिता हाय. तिनं तुमची डबी डोळ्यानं बगितल्याली न्हाई. येवढंच.”

“छापतो. येत्या शुक्रवारी.”

“मागल्या बारीला बी शुक्करवारच म्हनला हुतात.” ते त्याने रागाने म्हटलं नाही. वार आठवावा तसं म्हटलं आणि बाहेर पडला.

केशव उठून रस्त्याच्या दाराशी आला. रखमाजी दारात विडी ओढत उभा होता.

“जाहिरात वाचून बगत हुता व्हय?” त्याने विचारलं. “मोठ्यानं बोलत हुता म्हनून.”

“गेनूशी बोलत होतो. आत्ता तुमच्या अंगावरून गेला.”

रखमाजीने रस्त्याकडे पाहिलं, मग केशवकडे. त्याने विडी तोंडातून काढली.

“ह्या दारात मघापासनं मीच हाय, केशवराव.”

५

माणसं लक्ष देत नाहीत, हे केशवला माहीत होतं. रखमाजीचं वय झालं होतं, मोटरवाले उर्मट असतात, बायका कुठेही कुजबुजतात. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. कारणं शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तो सहज आणखी दहा काढू शकला असता. एका गोष्टीला मात्र त्याला कारण मिळेना. ती सगळी कारणं त्याला दिलासा का देत होती?

गुरुवारी त्याने खुलासा लिहिला. पहिल्यांदा पंधरा ओळी झाल्या. त्यात गेनू होता, धोंडाबाई होती, सुरुंग होता. मग त्याने सुरुंग काढला, कारण तो वेगळा विषय. मग नावं काढली, कारण गरिबांची बदनामी नको. मग ‘साक्ष बनावट’ हे शब्द काढले, कारण आनंदरावांना वाईट वाटेल. आनंदरावांनी काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही.

शुक्रवारी जाहिरातीच्या बुडाशी, सर्वांत बारीक खिळ्यांत, छापून आलं: ‘गौरप्रभाच्या चित्रात मुद्रणदोषामुळे किंचित उणीव राहिली आहे. सुज्ञ वाचकांनी ती मनाने भरून घ्यावी.’

घरी सरोज भाजी निवडता निवडता अंक वाचत होती. नवऱ्याचं चौथं पान ती आधी वाचायची. पहिलं तिने जेवताना ऐकलेलं असायचं.

“अहो, कसली उणीव?”

“कुंकू राहिलं.”

“मग कुंकू असं लिहायला शाई जास्त लागते का?” तिने चित्र डोळ्यांजवळ नेलं. “कुणाची हो ही?”

केशवने सांगायला तोंड उघडलं. धोंडाबाई हे नाव आलं. पुढचं आलं नाही. बाही आठवली, टाचणी आठवली, वेल्ह्याचा ओटा आठवला. त्या बाहीच्या माणसाचा चेहरा आठवायला गेला तर तिथे, अगदी मधोमध, काहीच नव्हतं.

तो उठून कचेरीत गेला. भर दुपारी, जेवायची वाट न बघता. वहीत नाव होतं. त्याच्याच अक्षरात: गेनू. त्याने ते तीनदा मोठ्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने वेल्ह्याची वाट धरली.

६

नसरापूरपर्यंत मोटर, पुढे बैलगाडी, शेवटचा कोस पायी. तोरण्याच्या पायथ्याला ऊन रखरखत होतं. धोंडाबाईच्या अंगणात पोचला तेव्हा दुपार कलायला लागली होती. कुडाला टेकून शेजारच्या दोन बायका शेंगा फोडत होत्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि आवाज खाली केला.

धोंडाबाई आतल्या अंगाला, दारातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात बसली होती. पुढ्यात फुटका आरसा आणि करंडा.

“या साहेब,” ती वळून न पाहता म्हणाली. “जरा थांबा.”

तिने मेणाचं बोट कपाळावर फिरवलं. मग चिमूट उचलून त्यावर कुंकू दाबलं, गोल, भरगच्च. केशव चार हातांवर होता आणि उजेड चांगला होता. कुंकू ओघळलं नाही. एक कणही खाली पडला नाही. कडेपासून आत ते फिकट होत गेलं, टिपकागदावर शाईचा थेंब बसावा तसं, आणि मग कपाळ होतं, नुसतं.

तिने करंडा मिटला. “दिसातनं तीस बारी लावते. तेवढा येळ त्येंचा आवाज येतो मला.”

“गेनू कुठे आहे?” त्याने विचारलं.

धोंडाबाईने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता; राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“तुमास्नी बी न्हाई दिसत?”

समोर घोंगडी अंथरलेली होती. घोंगडीवर कुणी नव्हतं. मधोमध ती खचलेली होती, बसल्या माणसाखाली खचते तेवढी.

“मघापासनं राम राम घालत्यात तुमाला,” ती म्हणाली. “बसा त्येंच्याशेजारी.”

७

केशव घोंगडीच्या टोकावर बसला. त्याने वही काढली. आपण जागेकडे पाहून बोलतोय की माणसाकडे, हे त्याला कळत नव्हतं.

“मी पुन्हा लिहितो,” तो म्हणाला. “तुम्ही सांगाल तसं.” गेनूला तो ‘तुम्ही’ म्हणाला, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

धोंडाबाईने कपाळाला कुंकू लावलं, मान कलती केली, ऐकलं. “म्हनत्यात, सांगायचं त्ये भोरात येऊन सांगितलं. आता तुमीच लिवा. आन लिवलं की हितंच वाचून दावा.”

त्याने लिहिलं. हात सवयीने चालला. मग त्याने वाचायला सुरुवात केली: “‘नीरातीरच्या वाचकांस सविनय विनंती. काही अपरिहार्य कारणांमुळे आमच्याकडून...’”

शेजारी घोंगडी हलली.

त्याच्या मांडीजवळचा खळगा हळूहळू भरून सपाट झाला. गुडघ्याचं हाड कडकन वाजलं, बसून उठताना वयस्कर माणसाचं वाजतं तसं. मग दाराचा उजेड एकदा अडला. केशवने मान वर केली तेव्हा चौकटीत पाठ होती. एक खांदा, रिकामी बाही, तिला टाचणी. पूर्ण बघायच्या आत उजेड पुन्हा मोकळा झाला.

“गेले,” धोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज प्रथमच फाटला. “म्हनले, अपरिहार्य म्हंजे काय त्ये ह्येंनाच इचार.”

केशव अंगणात धावला. ऊन, कूड, दोन बायका आणि त्यांच्या पुढ्यात शेंगांचा ढीग. पायवाटेवर कुणी नव्हतं.

“गेनूराव!” तो ओरडला. बायकांचे हात थांबले. भोरचा शिकलेला माणूस मोकळ्या वाटेकडे तोंड करून हाका मारत होता.

वहीत वाचण्यासारखं काही नव्हतं. त्याने वही मिटली. तोंडाने सांगायचं तर शब्द साधे निघाले, इतके साधे की त्याला ते आपले वाटेनात.

“सुरुंग इशारा न देता उडवला. मला माहीत होतं. ठेकेदाराने चहा घेतला आणि मी बातमी मोडली. तुमच्या बायकोने फोटो दिला तो न्याय मागायला. मी तो काळी बाई म्हणून विकला. डाग काढा असं मी लिहिलं. तिचं कुंकू गेलेलं मी पहिल्या छापालाच पाहिलं आणि म्हणालो, कोण बघतंय. ती साक्ष माझी. तिने ती डबी कधी पाहिली नाही. तिचा नवरा गेनू जिवंत आहे.”

शेंगा फोडणारी एक बाई उठून उभी राहिली होती. तिने तोंडाला पदर लावला होता. हसू दाबायला की आणखी कशाला, ते दिसत नव्हतं. केशवचे कान तापले होते. आयुष्यात त्याने इतक्या लोकांना चव्हाट्यावर आणलं होतं, पण चव्हाट्यावर ऊन कसं लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने धोंडाबाईकडे पाहिलं. ती उंबऱ्यात उभी होती, डावा हात कपाळावर घट्ट दाबून. बोटांच्या फटीतून तांबडं दिसत होतं. ती कान देऊन ऐकत होती, पण केशवचं नव्हे.

“काय म्हणतायत?” त्याने विचारलं.

“गप.”

वाऱ्याने शेंगांची टरफलं सरकली. खाली ओढ्याच्या बाजूला एक टिटवी ओरडली आणि थांबली.

“चालत्यात अजून,” ती म्हणाली. “पर पावलं हळू झाल्यात.” बोटांच्या फटीतलं तांबडं फिकट व्हायला लागलं होतं. “परत म्हना, साहेब. मोठ्यानं म्हना. ह्या बारीला तुमचं नाव बी सांगा.”

केशवने घसा साफ केला, वाटेकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“मी, केशव विनायक मोघे...”